छत्री मिटून ऐकायची गाणी

जूनच्या तोंडावर महाराष्ट्रात दोन अंदाज जाहीर होतात. पहिला हवामान खात्याचा. मान्सूननं १ जूनला केरळात आणि ११ जूनला मुंबईत हजर व्हावं, अशी खात्याच्या दप्तरी नोंद आहे. मान्सूनही आता सरकारीच झाल्यामुळे ती नोंद पाहतो आणि मग आपल्या सोयीनं येतो. दुसरा अंदाज व्हॉट्सअॅपवर येतो. पंख्याखाली घामाघूम होऊन बसलेला कुणीतरी ‘माझी आवडती दहा पाऊसगाणी’ अशी यादी टाकतो. त्यावर दुसरा विचारतो, ‘रफी कुठाय?’ तिसरा म्हणतो, ‘खळ्यांशिवाय पाऊस? कमाल आहे!’ दुपारपर्यंत दहाची साठ गाणी होतात, दोघंजण ग्रुप सोडून जातात, एकाचा वाढदिवस त्या भाऊगर्दीत राहून जातो, आणि बाहेर ऊन आपलं रणरणतच असतं.

या यादीयुद्धात मी पडत नाही. आवडतं गाणं कुठलं, हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. खरा प्रश्न असा, की ते ऐकताना तुम्ही कुठं असता? मी ज्यांना ज्यांना विचारलं ते सगळे घरात होते. खिडकी असते, खिडकीला गज असतात, हातात चहा असतो आणि पाऊस गजांच्या पलीकडे असतो. पावसाचं गाणं भिजत भिजत ऐकणारा माणूस मला अजून भेटायचाय. भिजणारा माणूस गाणं ऐकत नाही, तो रिक्षा शोधतो.

यावरून मी एक सिद्धांत काढला आहे. पाऊस आणि पावसाची गाणी यांचं प्रमाण व्यस्त असतं. जिथं तो धो धो कोसळतो तिथं गाणी होत नाहीत, आणि जिथं चार सरींवर भागवावं लागतं तिथं कवी पैशाला पासरी. पुण्याचंच बघा. पुण्यात वर्षाकाठी सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस. आंबोलीत सात हजारांच्या घरात. म्हणजे दसपट. त्रैराशिक मांडलं तर आंबोलीत पुण्याच्या दसपट भावगीतं व्हायला हवी होती. प्रत्यक्षात आंबोलीत पावसाळ्यात जे गातात ते बेडूक. त्यांचा अभ्यास करायला लांबलांबून लोक येतात, बॅटऱ्या घेऊन रात्रभर चिखलात बसतात. पुण्यातल्या कवीसाठी चिखलात कुणी बसल्याचं ऐकिवात नाही.

पुण्याकडे तर हवामान खातंही आहे. १८७५ साली स्थापन झालेल्या या खात्याची कचेरी १९२८ साली सिमल्याहून पुण्याला आली, म्हणून शिवाजीनगरच्या त्या चौकाला आजही सिमला ऑफिस चौक म्हणतात. पावसाचा अंदाज आणि पावसाची कविता ही दोन्ही खाती एकाच गावात असल्यामुळे कामाची विभागणी चोख झाली आहे. आज पाऊस पडेल असं एक खातं सांगतं, पडला असता तर कसं वाटलं असतं ते दुसरं.

आंबोलीबद्दल मी ऐकीव बोलत नाही. सावंतवाडीच्या बाजूला माझी काकी राहते. ऐन जुलैत तिच्याकडे गेलो होतो, बरोबर पुतण्या होता, इंजिनिअरिंगचा. त्या मुलानं आयुष्यात पहिल्यांदा खरा पाऊस पाहिला आणि त्याला लगेच ‘गारवा’ लावावंसं वाटलं. १९९८ साली आलेला हा आल्बम. सौमित्रचे शब्द, मिलिंद इंगळेचा आवाज. तो आला तेव्हा महाराष्ट्रातल्या यच्चयावत होस्टेलांतली मुलं एका रात्रीत खिडकीबाहेर बघायला लागली. तोवर खिडकीचा उपयोग टॉवेल वाळत घालण्यासाठी होता. चार ओळी गाण्याच्या आणि मध्ये दोन ओळी खर्जात बोलायच्या, हे तंत्र एकदा जमलं की कुठलाही मुलगा कुठल्याही मुलीसमोर कवी म्हणून उभा राहू शकत असे. मुली पुढं गेल्या, मुलं सौदीला गेली, पण खर्ज राहिला.

तर पुतण्यानं काकीच्या पडवीत मोबाइलवर ते गाणं लावलं. आवाज पूर्ण वाढवला. काहीच ऐकू येईना. पडवीवर पत्रा आहे. पत्र्यावर कोकणचा पाऊस पडायला लागला की शेजारी बसलेल्या माणसाशीसुद्धा खुणेनं बोलावं लागतं, तिथं खर्जाला कोण विचारतो? त्यानं मोबाइल कानाला लावला. मग काकी आतून आली. तिच्या स्वयंपाकघरात चुलीवरच्या दोरीला दोन दिवसांचे कपडे धुरात लटकत होते, मिठाला पाणी सुटलं होतं, काडेपेटी तांदळाच्या डब्यात खुपसून ठेवलेली होती. झड आत येऊ नये म्हणून पडवीला बांधलेल्या झापांतलं एक झाप वाऱ्यानं सुटून फडफडत होतं. तिनं ते एका हातानं धरलं, पुतण्याकडे पाहिलं आणि ओरडून विचारलं,

“काय आयकतंस रे?”

“पावसाचं गाणं, आजी!”

काकीनं आधी बाहेर पाहिलं, मग मोबाइलकडे, मग माझ्याकडे. या घराण्यात हे कुठून आलं, असा तो चेहरा होता.

“गाणी मागीर आयक. आधी वळचणीची लाकडां भितूर घे.”

सात हजार मिलिमीटरच्या मुलखाची पावसाविषयीची साहित्यिक भूमिका यापेक्षा थोडक्यात कुणी मांडलेली मला ठाऊक नाही.

आता कुणी म्हणेल, पाडगावकरांचं काय? मंगेश पाडगावकर वेंगुर्ल्याचे. श्रीनिवास खळ्यांची चाल आणि लताबाईंचा आवाज लाभलेलं श्रावणातल्या निळ्या घनाचं ते गाणं त्यांचंच. भोलानाथाला पावसाबद्दल आणि शाळेच्या सुट्टीबद्दल विचारणारं गाणंही त्यांचंच. मग सिद्धांत कोसळला की! अजिबात नाही. पाडगावकर वेंगुर्ल्याचे खरे, पण गाणी लिहिली ती मुंबईला येऊन. वेंगुर्ल्यातच राहिले असते तर त्यांनाही कुणीतरी लाकडां भितूर घ्यायला लावली असती.

आणि पाडगावकरांचा पाऊस यायचा कसा, तेही आठवा. हवामान खात्यावर विश्वास नसलेली माणसंसुद्धा एका गोष्टीवर विश्वास ठेवून होती. सकाळी वर्तमानपत्र उघडावं, त्यात पाडगावकरांची नवी पावसाची कविता असावी आणि खाली लिज्जत पापड. ती जाहिरात आली की पावसाळा अधिकृतपणे सुरू. मग ढग असोत वा नसोत, बायका गच्चीवरचं वाळवण आवरत. १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली, त्यातून उभी राहिलेली ही संस्था. आता पापडाचा आणि पावसाचा संबंध काय, तर उभा दावा. पापडाला ऊन लागतं. पावसाची एक सर आली तर गच्चीभर पापडांचा पुन्हा गोळा होतो. तरी वर्षानुवर्षं पापडवाल्यांनीच पावसाचं स्वागत केलं, तेही कवितेत आणि स्वखर्चानं. वैऱ्याचा असा सत्कार मराठी संस्कृतीत दुसरीकडे फक्त निरोप समारंभात होतो.

माझ्या सिद्धांताचा भक्कम पुरावा म्हणजे ना. धों. महानोर. मराठीतला सगळ्यात ओला कवी कुठला, तर पळसखेड्याचा, जुन्या औरंगाबाद जिल्ह्यातला, कोरडवाहू मुलखातला. ‘रानातल्या कविता’ वाचताना पानं दमट लागतात. १९७७च्या ‘जैत रे जैत’मध्ये हृदयनाथ मंगेशकरांनी चाल दिलेलं आणि आशाबाईंनी गायलेलं त्यांचं ते नभ खाली उतरण्याचं गाणं लागलं, की बंद खोलीत अंगावर शिरशिरी येते. हा माणूस शेतकरी होता, विधान परिषदेत जाऊन शेती-पाण्याबद्दल बोलायचा. ज्याला बांधावर उभं राहून आभाळाकडे बघण्यावाचून गत्यंतर नाही, त्याचं ढगाकडे लक्ष असणारच. आपल्याकडे ढग येतात आणि ट्रॅफिक जॅम होतो. आपण ढगाकडे नाही, गूगल मॅपकडे बघतो.

त्याच बाजूला पावसानं फारच ओढ दिली की धोंडी निघायचा, काही गावांत अजूनही निघतो. एका पोराच्या अंगाला कडुलिंबाचा पाला गुंडाळायचा आणि गाणं म्हणत दारोदार हिंडायचं. ज्याच्या दारात धोंडी येईल त्यानं त्याच्या डोक्यावर पाणी ओतायचं. गावात प्यायला पाणी नाही, बाई टँकरच्या रांगेत उभी राहून दोन हंडे आणते, आणि दारात धोंडी आला तर त्यातला तांब्याभर काढून त्या पोराच्या डोक्यावर रिकामा करते. या गाण्याला कुणी ‘टॉप टेन’मध्ये घालत नाही. ते आवडतं की नाही, असं कुणी विचारतच नाही. ते लागू पडतं की नाही, एवढंच विचारतात.

या क्षेत्रातलं आपलं मूळ पीठ मात्र विदर्भात आहे. कालिदासाचा यक्ष रामगिरीवर बसला होता, आणि रामगिरी म्हणजे रामटेकच, हे नागपूरकरांसमोर कुणी नाकारून दाखवावं. आषाढात डोंगराला टेकलेला ढग बघून त्याला बायकोची आठवण झाली. इथवर ठीक. पण पुढं त्यानं काय केलं? आपल्या वाट्याला आलेला भरलेला ढग परस्पर उत्तरेला पाठवून दिला! माझ्या मते विदर्भाचा अनुशेष तिथपासून सुरू होतो. बरं, पाठवला तो तरी सरळ पाठवावा? निरोप तातडीचा, बायको अलकानगरीत झुरतेय, आणि हा गृहस्थ ढगाला सांगतो की बाबा, वाट जरा वाकडी होईल, पण उज्जैन चुकवू नकोस. तिथं महाकाळाच्या देवळात संध्याकाळच्या पूजेपर्यंत थांब. रात्री कबुतरं झोपतात अशा एखाद्या गच्चीवर मुक्काम कर, सकाळी निघ. अर्धं काव्य हा प्रवासाचा कार्यक्रमच आहे. निरोप शेवटी येतो. मान्सून मध्येच कुठंतरी ‘रेंगाळला’ असं हवामान खातं म्हणतं, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढं ती कबुतरांची गच्ची येते.

टँकरचा विषय निघालाच आहे, तर सिनेमाकडे वळू. सिनेमातला पाऊस टँकरमधून येतो, हे आता शेंबड्या पोरालाही कळतं. पण खरा पाऊस कॅमेऱ्याला धड दिसत नाही, हे कमी लोकांना ठाऊक असतं. धारा दिसायला हव्या असतील तर मागून दिवा मारावा लागतो. म्हणून हिंदी सिनेमात काळ्याकुट्ट रात्री, भर वस्तीपासून लांब, जिथं विजेचा खांबही नाही, तिथं पाऊस कसा लख्ख उजळलेला असतो. आपल्याकडे चार थेंब पडले की वीज जाते. त्यांच्याकडे पाऊस आला की येते.

यात सगळ्यांचा लाडका पाऊस ‘श्री ४२०’चा. साल १९५५, एक छत्री, राज कपूर आणि नर्गिस. हे गाणं मी जेवढ्या वेळा पाहतो तेवढ्या वेळा माझं लक्ष छत्रीकडे जातं. ती आधी त्याच्याकडे, मग तिच्याकडे, मग पुन्हा त्याच्याकडे. परिणामी दोघंही भिजतात. छत्रीचं हे खरं स्वरूप इतक्या प्रामाणिकपणे दुसऱ्या कुणी दाखवलेलं नाही. एका छत्रीत दोन माणसं म्हणजे आतले दोन खांदे कोरडे, बाहेरचे दोन ओले, आणि लग्नाला वीस वर्षं झाली असतील तर एक डोकं कोरडं, एक ओलं. कुणाचं ते सांगायला नको. त्याच गाण्यात रेनकोट घातलेली तीन मुलं रस्त्यानं चालत जातात. ती राज कपूरचीच मुलं. त्यातला धाकटा ऋषी तेव्हा जेमतेम दोन-तीन वर्षांचा. डोळ्यांत पाणी जातं म्हणून तो रडत होता, तेव्हा नर्गिसनं त्याला चॉकलेट कबूल केलं, असं त्यानंच पुढं सांगितलंय. पडद्यावर प्रेमाचा स्वीकार चाललाय आणि कॅमेऱ्यामागं चॉकलेटची बोलणी, हे मला फार आवडतं. अमेरिकेत त्याच्या तीन वर्षं आधी जीन केली पावसात नाचला होता. त्याच्या अंगात तेव्हा १०३ ताप होता म्हणे. बघणाऱ्याला वाटतं, वा, काय आनंदी माणूस आहे! त्याला बिचाऱ्याला रजई हवी असणार.

आपली नायिका मात्र कधी शिंकत नाही. पांढऱ्या साडीत, निळ्या साडीत, पिवळ्या साडीत, भर रात्री, वाऱ्यात, धबधब्याखाली ती तासन्‌तास भिजते आणि दुसऱ्या सीनमध्ये केस सेट करून हजर. घरी आई म्हणत नाही, ‘डोकं पूस आधी.’ कुणी सुंठ उगाळत नाही. हळद-दूध घेणारी नायिका मला एकाही गाण्यात सापडली नाही.

‘चलती का नाम गाडी’मध्ये (१९५८) मजरूह आणि सचिनदेव बर्मन यांनी एक गोष्ट फार हुशारीनं केली. मधुबाला भिजलेली आहे, किशोरकुमार कोरडा आहे, आणि दोघं गॅरेजच्या छपराखाली आहेत. तो पाना-पक्कड वाजवत तिच्या ओलेपणाचं वर्णन करतो. माझा सिद्धांत इथं पडद्यावर दिसतो. गाणारा तो कोरडा, भिजणारी ती गप्प आणि वैतागलेली. या गाण्यात न पटणारी गोष्ट एकच आहे. मध्यरात्री, पावसात, उघडं गॅरेज! शिवाय मेकॅनिक जागा, हजर आणि काम त्याच वेळी करून देणारा! मधुबाला दिसेल एखाद वेळी, असा मेकॅनिक दिसणं कठीण. पुढं ती बिल न देताच निघून जाते, पाच रुपये बारा आणे. हे मात्र खरं वाटतं.

‘आराधना’वाल्यांनी तर छपराची कल्पना टोकाला नेली. १९६९ सालचं ते गाणं, किशोरकुमारच्या आवाजातलं, सगळंच्या सगळं एका सलग शॉटमध्ये घेतलेलं. पाऊस बाहेर ठेवून दिलाय. आत शेकोटी, ओले कपडे बदलून झालेले. म्हणजे हिंदीतल्या एका फार गाजलेल्या पाऊसगाण्याचा मूळ विषय काय, तर अंग कोरडं करणं. काकी या दिग्दर्शकाला नक्की मान देईल.

या सगळ्यांना अपवाद एकच, आणि तो मी मनापासून मानतो. ‘मंझिल’, १९७९. बासू चटर्जी, राहुलदेव बर्मन आणि योगेशचे शब्द. तेच गाणं एकदा किशोरकुमारच्या आवाजात आहे, बैठकीत, गादीवर बसून, आणि एकदा लताबाईंच्या आवाजात, मुंबईच्या खऱ्या पावसात. अमिताभ सुटाबुटात, मौशुमी चटर्जी साडीत. मरीन ड्राइव्ह, ओव्हल मैदान, लाटा कठड्यावरून उसळतायत, टॅक्सीवाले आपल्या वाटेनं चाललेत, कुणी वळूनही बघत नाही. मागून दिवा नाही, त्यामुळे सगळं करडं दिसतं, जुलैत मुंबई दिसते तसंच. त्यांची पावलं डबक्यात पडतात तेव्हा खरंच पाणी उडतं आणि खरंच बुटात जातं. मी जेव्हा जेव्हा हे गाणं बघतो तेव्हा मला दोघांचा हेवा वाटतो आणि लगेच त्या सुटाची काळजी वाटते. लोकरीचा सूट तसा भिजला की चार दिवस वाळत नाही, आणि वाळला की धाकट्या भावाला द्यावा लागतो.

स्मिता पाटीलचं मला नेहमी नवल वाटतं. ‘जैत रे जैत’मधली ठाकरांची चिंधी तीच, आणि पाचच वर्षांनी ‘नमक हलाल’मध्ये अमिताभबरोबर रस्त्यावर घसरत नाचणारी तीच. एका बाजूला महानोर, दुसऱ्या बाजूला बप्पी लाहिरी. पाऊस तोच, पण दोन गाण्यांच्या मध्ये अख्खा समाज बसतो. माझ्या ओळखीत एक प्राध्यापक आहेत, ते पहिल्या गाण्यावर तासभर बोलतात. दुसरं लागलं की त्यांचा पाय आपोआप हलतो. तो पाय ते शालीखाली घेतात.

दादा कोंडक्यांनी ही शालच काढून टाकली. बाकीच्यांना ढगात दूत दिसला, प्रियकर दिसला, हत्ती दिसला. दादांना पोट दिसलं. ढगाला कळ लागली की पुढं जे व्हायचं ते होणार, हे निदान खेड्यातल्या शेवटच्या माणसाला पटतं, त्याला टीकाकार लागत नाही. मघा नक्षत्राच्या पावसाबद्दलची म्हण ज्यांना ठाऊक आहे त्यांना दादांची परंपरा किती जुनी आहे ते समजेल. ती म्हण कुठल्याही सभ्य अंकात छापता येत नाही. वाचकांनी घरातल्या वडीलधाऱ्यांना एकांतात विचारावी.

आणि ‘लगान’! त्या गाण्याएवढं प्रामाणिक गाणं दुसरं नाही. भुजजवळ, कच्छच्या रखरखाटात चित्रण. ढग येतात, सगळं गाव अंगणात, रहमानचा ढोल घुमतोय, जावेद अख्तरांचे शब्द गडगडतायत, म्हातारेकोतारे नाचतायत. आणि शेवटी ढग निघून जातात! थेंबही पडत नाही. पाऊस येतो तो थेट क्रिकेटचा सामना जिंकल्यावर. इंग्लंडमध्ये पाऊस आला की सामना थांबतो. चंपानेरात सामना संपेपर्यंत पाऊसच थांबतो.

शास्त्रीय संगीतवाल्यांनी पाऊस पाडण्याची जबाबदारी सरळ रागावर टाकलेली आहे. तानसेनानं दीपक गायला, अंगाची लाही लाही झाली, मग वडनगरच्या ताना आणि रीरी या बहिणींनी मल्हार गाऊन पाऊस पाडला, अशी दंतकथा आहे. दीपक हल्ली कुणी गात नाही, त्यामुळे आगीची भीती नाही. मल्हार मात्र दर जुलैला गातात, आणि पावसाचं खापर किंवा श्रेय आयतं मिळतं. मियाँमल्हारातल्या दोन निषादांचा तो घुमारा सुरू झाला की बंद दालनात, एसीत, तिसऱ्या रांगेतले काका डोळे मिटून ‘वाऽऽ’ म्हणतात. गायक म्हणतो, ‘बाहेर पण सुरू झालाय बरं का.’ सभागृहात कौतुकाची लाट पसरते आणि लगोलग पन्नास बायकांना गॅलरीतले कपडे आठवतात.

पावसाच्या गाण्याचा सराव आपल्याकडे लहानपणापासून कोरड्या हवेतच करून घेतात. ‘नाच रे मोरा’ हे गदिमांचं गाणं १९५३ सालच्या ‘देवबाप्पा’तलं. चाल पुलंची, आवाज आशाबाईंचा. यावर शाळेत नाच बसवतात तो कधी? स्नेहसंमेलनात, डिसेंबरात. बाहेर कडाक्याची थंडी, आत पुठ्ठ्याचा पिसारा लावलेला मोर. पिसारा दाराच्या चौकटीत अडकतो, म्हणून मोराला आडवा करून आत आणतात. ढग म्हणून निळ्या कागदाखाली उभ्या केलेल्या मुलाला मध्येच शू लागते. पावसाला खोटा पैसा देण्याच्या बालगीतावर आजवर इतक्या जणांनी विनोद केलेत की मी तो मोह आवरतो.

सिद्धांताची शेवटची परीक्षा गेल्या पावसाळ्यात झाली. आमच्या भागातल्या मंडळानं वर्षागीतांचा कार्यक्रम ठेवला. शनिवारी संध्याकाळी, मोफत प्रवेश, काही रांगा राखीव. साडेपाचला आभाळ फुटलं. सहाला सभागृहात शिरलो तेव्हा व्हरांड्यात छत्र्यांचा ढीग लागला होता. बहुतेक काळ्या, बहुतेक लांब दांड्याच्या, खालून एकच ओहोळ वाहत पायऱ्यांकडे निघालेला. निवेदकानं सुरुवात केली ती मृद्गंधापासून. आत कुबट मोज्यांचा वास भरला होता, पण निवेदक वहीबाहेर जायला तयार नव्हता. ‘रसिकहो, कल्पना करा, बाहेर रिमझिम पाऊस पडतोय...’ तेवढ्यात वीज अशी कडाडली की तबलजीनं दचकून समेच्या आधीच थाप मारली.

पहिलं गाणं पावसाला बोलावण्याचं होतं. गायिका चांगली होती, मनापासून बोलावत होती. माझ्या शेजारचे जोशीकाका पुटपुटले, “अहो बाई, आलाय तो. बसा आता.” दुसऱ्या कडव्यात सेक्रेटरी विंगेतून आले, गायिकेच्या कानाशी लागले, आणि तिनं हार्मोनियमवाल्याला हात दाखवून गाणं थांबवलं. सेक्रेटरींनी माइक घेतला.

“एक सूचना. मागच्या गल्लीत पांढऱ्या रंगाची स्विफ्ट ज्यांची असेल त्यांनी कृपया हलवावी. पाणी चाकाच्या वर आलंय.”

सभागृहात किमान बारा जण उठले. पांढरी स्विफ्ट इतक्या लोकांकडे असते, याची मला कल्पना नव्हती. उरलेल्यांनी आपापल्या गाडीचा रंग मनातल्या मनात तपासला. गायिकेनं श्रावणातलं ते निळ्या घनाचं गाणं घेतलं आणि ते सुंदर गायलं, खरंच सुंदर. त्यात एका जागेवर ती थांबली, आणि सभागृहात पूर्ण शांतता झाली, फक्त वर पत्र्यावर पाऊस. जोशीकाकांनी चष्मा काढून डोळे पुसले. मी त्यांच्याकडे पाहिलं तर म्हणाले, “वरून गळतंय.” वर पाहिलं, तर गळत नव्हतं.

मग दिवे गेले. जनरेटर होता, पण डिझेल आणायला जो गेला होता तोही एक स्विफ्टवाला होता. अंधारात मोबाइलचे दिवे लागले, आणि कुणीतरी मागून दादा कोंडक्यांच्या ढगाचं गाणं सुरू केलं. राखीव रांगांनी आधी नापसंती दर्शवली, मग टाळ्यांचा ठेका धरला, आणि प्राध्यापकांची शाल खाली पडली. कार्यक्रमाचा तो भाग सगळ्यात रंगला. माइक नव्हता, निवेदकही नव्हता, हे त्याचं कारण असावं.

बाहेर पडलो तेव्हा व्हरांड्यात छत्र्यांवर झुंबड उडालेली. प्रत्येक जण दांडा पकडून उघडून बघत होता, मिटून परत टाकत होता, आणि जी बरी दिसेल ती घेऊन जात होता. माझी पाळी आली तेव्हा ढिगात एकच उरली होती, लेडीज, फुलाफुलांची, दोन काड्या बाहेर आलेली. ती घेऊन मी घरी पोचलो. म्हणजे तिच्यासकट भिजत पोचलो. माझी छत्री काळी आहे, दांडा लाकडी, मुठीवर आतल्या बाजूला निळ्या बॉलपेननं आद्याक्षरं. ज्या रसिकानं नेली असेल त्यानं आणून द्यावी. फुलाफुलांची तयार ठेवली आहे.